पोलॉक्झॅमर आणि करक्यूमिनचं उबेला घट्ट होणारं हायड्रोजेल: क्रम नीट पाळा, बॅच वाया जाणार नाही

हे लिहायला बसले कारण तक्रारी त्याच त्या येतात. कुणाचं जेल होतच नाही, कुणाच्या बीकरमध्ये गुठळ्याच गुठळ्या, कुणाचं काल ३० अंशाला घट्ट व्हायचं ते आज २६ लाच होतंय, आणि सगळ्यात जास्त वेळा म्हणजे "फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी पिवळी पावडर तळाला". यातली बहुतेक बिघाडं रेसिपी चुकीची म्हणून होत नाहीत, क्रम चुकतो म्हणून होतात.

मूळ अडचण आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पोलॉक्झॅमर ४०७ हा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, आणि त्याची साखळी तीन तुकड्यांची असते, दोन्ही टोकांना पाणी आवडणारा भाग आणि मधे पाण्याला टाळणारा. थंडीत मधल्या भागालाही पाणी चिकटून राहतं म्हणून पॉलिमर सुटा सुटा विरघळतो, ऊब मिळाली की ते पाणी सुटतं, साखळ्या एकत्र येऊन मायसेल, म्हणजे अगदी सूक्ष्म गोळे, बनतात, आणि मायसेल पुरेसे दाट झाले की एकमेकांना खेटून रचले जातात, तेच आपलं जेल. आता करक्यूमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं संयुग, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते मायसेलच्या पोटात बसतं. म्हणजे पॉलिमरला विरघळायला थंडी हवी आणि करक्यूमिनला टिकून राहायला मायसेल, म्हणजे ऊब हवी. या दोघांची ओढाताण सांभाळायची आहे. बहुतेक जण ४ अंशाच्या पाण्यात दोन्ही एकदम टाकतात आणि मग करक्यूमिन विरघळत नाही म्हणून रात्रभर ढवळत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगते, हे सगळं लॅबमधल्या अभ्यासापुरतं आहे. डोळ्यात, नाकात, जखमेवर लावायचं काही यातून घरी बनवायचं नाही.

## १. आधी ठरवा की जेल कुठल्या तापमानाला व्हायला हवं

वजनकाट्याला हात लावायच्या आधी एक आकडा कागदावर लिहा. खोलीच्या तापमानाला द्रव राहायला हवं, नाहीतर भरता येणार नाही आणि वापरताही येणार नाही. जिथे जायचंय तिथल्या तापमानाच्या जरा खाली घट्ट व्हायला हवं. शरीराच्या आत ३७ अंश, पण त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ च्या आसपास, नाकाचा आतला भाग ३२ ते ३४, डोळ्याचा पृष्ठभाग ३४-३५. म्हणून "३७ ला होतं ना, मग झालं" हे डोळ्यासाठी चालत नाही.

साधारणपणे २८ ते ३२ अंश ही खिडकी सोयीची पडते. पण ही खिडकी शेवटच्या मिश्रणाची, म्हणजे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), औषध (इथे करक्यूमिन), प्रिझर्वेटिव्ह सगळं घातल्यावरची. साध्या पाण्यातल्या जेलवर तापमान जुळवून मग बफर घालणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## २. सामान आणि तयारी

पोलॉक्झॅमर ४०७, करक्यूमिन, इथेनॉल, सौम्य आम्लीय बफर (पीएच ५.५ च्या आसपास, सायट्रेट किंवा ॲसिटेट, पातळ), मॅग्नेटिक स्टरर, बर्फाचं पात्र, रोटरी इव्हॅपोरेटर, ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, एकाच मापाच्या सपाट तळाच्या १० मिलीच्या व्हायल्स, ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर आणि भरपूर ॲल्युमिनियम फॉइल.

करक्यूमिनबद्दल दोन गोष्टी. बाजारात "करक्यूमिन" म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा त्याची दोन भावंडंही असतात, डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी, त्यामुळे शुद्धतेचा आकडा बघा आणि सगळ्या प्रयोगाला एकच लॉट वापरा. दुसरं म्हणजे याला उजेड सोसत नाही आणि अल्कली तर अजिबातच नाही. पीएच ७.२ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशाला अर्ध्या तासात यातलं ९० टक्क्यांच्या आसपास तुटून गेलेलं असतं. म्हणून फॉस्फेट बफर "शरीरासारखा" आहे म्हणून त्यात जेल बनवायचा मोह टाळा.

पोलॉक्झॅमरचा डबा घट्ट बंद ठेवा, हवेतला ओलावा घेतो. जुना, उघडाच राहिलेला डबा असेल तर वापरू नका, त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि ते नाजूक वनस्पतिज संयुगांना खातात.

तपासा: बफरचा पीएच मोजलाय? मोजलेला आकडा वहीत लिहिलाय? पुढे रंग बदलला तर याच आकड्याकडे परत यावं लागतं.

## ३. हिशोब वजनाने करा, आकारमानाने नाही

१८ टक्के म्हणजे १०० ग्रॅम जेलमध्ये १८ ग्रॅम पॉलिमर. १०० मिली पाण्यात १८ ग्रॅम नाही, आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये १०० मिलीपर्यंत भरणंही नाही. फेस आणि चिकटपणामुळे फ्लास्कची खूण नीट वाचताच येत नाही. शिवाय इथे १ टक्क्याने जेल होण्याचं तापमान साधारण २-३ अंश हलतं, म्हणजे हिशोबाची ही छोटी चूक अख्खी खिडकी खाऊन टाकते.

५० ग्रॅमच्या बॅचचं उदाहरण धरू: पोलॉक्झॅमर ९ ग्रॅम, करक्यूमिन २५ मिग्रॅ (म्हणजे ०.०५ टक्के), बफर ४०.९७५ ग्रॅम. करक्यूमिन पहिल्याच फेरीत वाढवू नका, आधी एवढं टिकतंय का ते बघा.

## ४. आधी औषधाशिवाय कोरी जेल बनवा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, "वेळ नाही" म्हणून. पण कोऱ्या जेलचं तापमान माहीत नसेल तर करक्यूमिनने काय बदललं ते कसं कळणार? १६, १७, १८, १९ आणि २० टक्क्यांच्या छोट्या छोट्या बॅच करा, प्रत्येकी २०-२० ग्रॅम पुरतात, शेवटच्याच बफरमध्ये. १५ टक्क्यांच्या खाली बहुधा जेल धरतच नाही, नुसतं घट्टसर होतं. २० टक्क्याला साधारण २२ ते २५ अंशात घट्ट होतं, म्हणजे उन्हाळी दुपारी टेबलावरच जेल.

पद्धत थंड, आणि ती अशी:

बफर बीकरसकट बर्फात ठेवून ४-५ अंशावर आणा. बीकर बर्फातच असू द्या. स्टरर हळू, पृष्ठभागावर हलका खळगा दिसेल इतकाच, भोवरा नको. आता पोलॉक्झॅमर चिमटीचिमटीने पृष्ठभागावर भुरभुरा, आधीचं ओलं होऊन बुडालं की पुढचं. ५० ग्रॅमच्या बॅचमधल्या ९ ग्रॅमला पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू द्या. सगळं घालून झालं की तोंड झाकून फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी एकदम पारदर्शक, बुडबुड्यांशिवायचं द्रव दिसायला हवं.

इथे काय काय बिघडतं ते सांगते, कारण प्रत्येकाची खूण वेगळी असते. पाणी कोमट असेल तर दाण्याच्या बाहेरच्या थराचं लगेच जेल होतं आणि आत कोरडी पावडर अडकते, साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे दिसतात. ते फोडायला लोक स्टरर वाढवतात आणि मग वरून फेसही येतो. फोडू नका, गरमही करू नका, बीकर फ्रीजमध्ये ठेवून द्या, एखाददोन दिवसात आपोआप विरघळतात. फेस झाला असेल तरी उपाय तोच, थंडीत थांबणं, थंडीत द्रव पातळ असतो म्हणून बुडबुडे वर येतात. आणि मॅग्नेटिक स्टररची प्लेट तासन्‌तास चालली की स्वतःच गरम होते, बर्फ वितळून गेलाय आणि खालून प्लेट तापवतेय हे बीकर घट्ट झाल्यावर कळतं, तर बर्फावर लक्ष ठेवा.

तपासा: रात्रीनंतर बीकरचं वजन करा. पाणी उडालं असेल तर तेवढं थंड पाणी घालून भरून काढा.

## ५. जेल होण्याचं तापमान मोजा, आणि दर वेळी एकाच पद्धतीने

व्हायल उलटी करून बघायची पद्धत साधी आणि पुरेशी आहे, फक्त शिस्त हवी. प्रत्येक व्हायलमध्ये अगदी २ मिली, व्हायल्स वॉटर बाथमध्ये, बाथच्या पाण्याची पातळी नमुन्याच्या वर, आणि थर्मामीटर बाथमध्ये नाही तर शेजारच्या तशाच एका व्हायलमधल्या नमुन्यात बुडवलेला. बाथ दाखवतो ते तापमान आणि जेलच्या आतलं तापमान यात सहज फरक पडतो. १० अंशापासून सुरू करा, १-१ अंश वाढवा, प्रत्येक अंशावर ५ मिनिटं थांबा, व्हायल उलटी करा, ३० सेकंद बघा. द्रव घरंगळला नाही ते तापमान. जवळ आलात की अर्ध्या अर्ध्या अंशाने. तीन व्हायल्स, तीन आकडे.

र्‍हिओमीटर (घट्टपणा मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच, पण आधी स्ट्रेन स्वीप करून, म्हणजे ताण हळूहळू वाढवत, जेलची रचना न मोडणारा रेषीय पट्टा शोधा, मग १ हर्ट्झवर मिनिटाला १ अंश या वेगाने तापमान चढवा. कडेला सिलिकॉन तेलाची पातळ रिंग द्या, नाहीतर पाणी उडून कडा वाळते आणि मशीन दाखवतं ते वाळण्याचं घट्टपण असतं, जेलचं नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका.

सावध राहा: भराभर गरम केलं तर तापमान चुकून जास्त दिसतं. "काल ३० आज २६" याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

## ६. करक्यूमिन घालणं, इथेच खरी कसरत

कोऱ्या मालिकेतून आपल्या खिडकीत बसणारं प्रमाण निवडा. समजा १८ टक्के. आता सगळा पॉलिमर एकदम वापरायचा नाही, दोन हिस्से करायचे: १.५ ग्रॅम करक्यूमिन पकडायला, ७.५ ग्रॅम जेल उभं करायला.

पहिला हिस्सा. २५ मिग्रॅ करक्यूमिन २५-३० मिली इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, त्यातच १.५ ग्रॅम पोलॉक्झॅमर घाला, तोही इथेनॉलमध्ये विरघळतो. फ्लास्कला फॉइल गुंडाळा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४०-४५ अंशाला कमी दाबाखाली इथेनॉल काढा, आतल्या बाजूला एकसारखा पिवळा थर दिसेल. थर दिसला म्हणजे इथेनॉल गेलं असं नाही! पुढे रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा आणि वजन स्थिर झालंय का बघा. राहिलेलं इथेनॉल जेलचं तापमान वर ढकलतं आणि जेल लिबलिबीत करतं, आणि मग दोष बिचाऱ्या करक्यूमिनला दिला जातो.

आता त्या थरावर ४०.९७५ ग्रॅम बफर घाला, आणि हा बफर थंड नको, ३५-४० अंशाचा हवा. भीती वाटते, पण इथे पॉलिमर फक्त साडेतीन टक्के आहे, जेल होणार नाही, मायसेल मात्र छान बनतील आणि करक्यूमिन आत जाईल. अंधारात अर्धा तास हळू फिरवा. पिवळं, आरपार दिसणारं द्रावण मिळतं. ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा म्हणजे मायसेलबाहेर राहिलेले कण अडकतील. फिल्टर भडक पिवळा-नारिंगी झाला तर तुमचं करक्यूमिन पूर्ण गेलेलं नाही, प्रमाण कमी करा किंवा पहिल्या हिश्शातला पॉलिमर वाढवा.

फिल्टरमध्ये थोडं द्रावण जातंच, म्हणून गाळलेल्याचं वजन करा आणि उरलेला पॉलिमर त्या प्रमाणात घ्या. ४२.५ ग्रॅम द्रावणाला ७.५ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम हाती आलं तर ७.०६ ग्रॅम. हा हिशोब न करता पूर्ण ७.५ ग्रॅम ओतणाऱ्यांचं जेल १८ चं राहत नाही, १९ च्या जवळ जातं.

दुसरा हिस्सा. द्रावण १०-१२ अंशावर आणा, ४ वर नको. फार थंड केलं तर इतक्या कमी पॉलिमरमध्ये मायसेल सुटे होतात आणि करक्यूमिन उघड्यावर पडतं. थंड करून झाल्यावर थांबू नका, लगेच पॉलिमर भुरभुरायला घ्या, जसजसं प्रमाण वाढतं तसतसे मायसेल कमी तापमानालाही तग धरतात. वेळ कोऱ्या जेलपेक्षा जास्त लागतो, लागू द्या. पूर्ण विरघळलं की बुडबुडे जायला काही तास ८-१० अंशाला ठेवा.

थांबा आणि बघा: व्हायल २० अंशावर आणून उजेडासमोर क्षणभर धरा. थंडीत जरासं गढूळ होतं पण इथे आल्यावर साफ झालं, तर चालेल. २० ला सुद्धा धूसर राहिलं तर एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा, सुया किंवा दाणे दिसले तर करक्यूमिन बाहेर पडलंय, ही बॅच पुढे नेऊ नका. रंग लालसर तपकिरी झाला असेल तर पीएच वर गेलाय, लगेच मोजा.

## ७. आत खरंच किती गेलं

जेल पिपेटने घेऊ नका, भिंतीला चिकटून मागे राहतं. १०० मिग्रॅच्या आसपास सरळ वजन करून घ्या, मिथेनॉलमध्ये २५ मिलीपर्यंत न्या. मिथेनॉल मायसेल मोडतं, म्हणून धूसरपणामुळे येणारी खोटी वाढ टळते. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरच्या आसपास वाचा, प्रमाणरेषा १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ब्लँक म्हणून कोरी जेल, त्याच पद्धतीने पातळ केलेली. नमुने बाटलीच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन घ्या. तिन्ही सारखे आले तरच वाटप एकसारखं आहे.

## ८. तापमान परत मोजा, आणि पातळ करूनही

करक्यूमिन ०.०५ टक्क्याला फारसं हलवत नाही, पण मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरी वनस्पतिज संयुगं वापरणार असाल तर जास्तच जपा. थायमॉल, युजेनॉलसारखी तेलकट फिनॉलं तापमान चांगलंच खाली ओढतात. टॅनिन पॉलिमरच्या टोकांना हायड्रोजन बंधाने धरतं आणि जास्त झालं तर सगळंच गढूळ होतं. कच्चा अर्क वापरला तर त्यातले क्षार आणि साखरा तापमान खाली नेतात, उरलेला अल्कोहोल वर नेतो, आणि दर लॉटला हे गणित बदलतं. मी तर म्हणेन की आधी एक शुद्ध संयुग हाताखालून जाऊ द्या, मग अर्काकडे वळा.

तापमान फार खाली आलं असेल तर पोलॉक्झॅमर ४०७ अर्धा टक्का कमी करा किंवा पोलॉक्झॅमर १८८ (त्याच कुळातला लहान साखळीचा पॉलिमर) थोडंसं मिसळून वर न्या. फार वर गेलं असेल तर ४०७ अर्धा टक्का वाढवा. मीठ घालून खाली आणायचा शॉर्टकट मला पटत नाही, कारण जिथे वापरायचं तिथल्या द्रवात आधीच मीठ असतं आणि मग एकाच वेळी दोन गोष्टी हलतात.

आणि पातळ करून मोजणं विसरू नका. डोळ्याचं असेल तर ४० भाग जेलला ७ भाग कृत्रिम अश्रू हे प्रमाण सर्रास वापरतात. पातळ न करता ३० ला घट्ट होणारं पातळ झाल्यावर ३६ ला सरकलं तर डोळ्यात ते द्रवच राहणार. चिकटून राहण्यासाठी कार्बोपॉल, एचपीएमसी किंवा कायटोसान घालणार असाल तर ते या मोजणीच्या आधी घाला, नंतर नाही.

तपासा: ८ अंश आणि ३७ अंश अशा तीन फेऱ्या करा. प्रत्येक फेरीत व्हायलचं वजन घ्या. वजन तेच आणि तापमान वाढत चाललंय किंवा उतरतंय, तर आत काहीतरी बदलतंय.

## ९. रिलीज (जेलमधून औषध सुटणं) बघताना स्वतःला फसवू नका

इथे मी पुष्कळ सुंदर दिसणारे आलेख पाहिलेत जे खरे नव्हते. साध्या पीएच ७.४ च्या बफरमध्ये करक्यूमिन धड विरघळत नाही आणि जेवढं विरघळतं ते तुटत जातं, त्यामुळे आलेख आडवा होतो आणि लोक लिहितात "दीर्घकाळ हळूहळू सुटतं". माध्यमात, म्हणजे औषध ज्यात सुटतं त्या द्रवात, ट्वीन ८० सारखं साबणासारखं काम करणारं काहीतरी घाला म्हणजे विरघळायला जागा राहील. सोबत एक कंट्रोल ठेवा: तेच माध्यम, तेच तापमान, ठरावीक करक्यूमिन, जेल नाही. त्यात किती उरतंय ते दर वेळी मोजा. कंट्रोलच घटत असेल तर जेलच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

डायलिसिस बॅग वापरत असाल तर लक्षात घ्या की १२-१४ किलोडाल्टनच्या पडद्यातून मायसेल जात नाहीत, म्हणजे तुम्ही पडद्याचा वेग मोजत आहात, जेलचा नाही. पोलॉक्झॅमरचं जेल मुळात वरून विरघळत विरघळत झिजतं, म्हणून पडद्याशिवायची पद्धत, जेलवर माध्यम ओतून ठरावीक वेळाने काढून वजन करणं, जास्त खरी वाटते. औषध किती सुटलं आणि जेल किती झिजलं हे दोन्ही एकाच आलेखावर मांडा. दोन्ही रेषा सोबत चालल्या तर सुटणं झिजण्यावरच अवलंबून आहे. माध्यम आधी ३७ वर आणा, गार माध्यम ओतलं तर पहिल्याच मिनिटाला वरचा थर वाहून जातो.

## १०. भरणं आणि ठेवणं

सिरिंज थंड असतानाच भरा आणि सुई शेवटच्या क्षणी लावा. बारीक सुईत जेल आधी गरम होऊन अडकतं, मग जोर लावला की सुई निसटते आणि सगळं हातावर.

निर्जंतुक करायचं असेल तर कोरी जेल ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होऊ शकते, नंतर वजन भरून काढा आणि थंडीत परत द्रव होऊ द्या, पण करक्यूमिन असलेली बॅच ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. ती थंड असताना ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, हळू, दाब कमी, आणि गाळल्यावर करक्यूमिनचं प्रमाण परत मोजा.

ठेवायचं तर गडद बाटलीत, वरपर्यंत भरून, झाकण घट्ट. तापमान ४ अंशच हवं असं नाही, आपल्या बॅचला तळ न धरता जे मानवतं ते, बहुतेकदा ८-१५ मधलं. दर आठवड्याला वरून आणि तळातून नमुना घ्या, पीएच, रंग आणि जेलचं तापमान लिहा. बाटलीवर पॉलिमरचा लॉट, करक्यूमिनचा लॉट, बफरचा पीएच, आणि फिल्टरनंतरचं वजन, हे चारही आकडे पेनाने लिहून ठेवा.